जुनं .32 रिव्हॉल्व्हर देऊन नवं घ्यायचंय. रास्त भाव कसा ठरवायचा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वडिलांकडे कानपूरच्या कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर होतं. त्यांची सत्तरी झाल्यावर शस्त्र नियमांतल्या नियम 25 खाली अर्ज करून परवाना माझ्या नावावर घेतला. आमचा मळा गावापासून लांब आहे, उसाला पाणी पाजायची लाइट बहुतेक वेळा रात्रीचीच असते, त्यामुळे परवाना शोभेसाठी घेतलेला नाही. आता ते जुनं देऊन 'प्रबळ' हे नवं .32 रिव्हॉल्व्हर घ्यायचा विचार आहे.

एका डीलरकडे गेलो. त्यांनी पेटी उघडली, एकदा चाप ओढून बघितला आणि म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये 35 हजार लावतो." दुसऱ्या शहरातल्या डीलरने हत्यार न बघताच फोनवर 50 हजार सांगितले, पण त्यांची नव्याची किंमत पहिल्यापेक्षा चांगलीच चढी होती. आता यातला खरा भाव कुठला? पेटी, खरेदीची पावती, साफ करायची सळई सगळं जपून ठेवलेलं आहे. गोळ्या फार कमी उडाल्यात.

मोटारसायकल विकायची असली तर चार जणांना विचारता येतं. इथं विचारायचं कुणाला? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

बारा_बोअर

पहिली गोष्ट, दोन्ही व्यवहार सुटे कर. डीलरला विचार, "मी नवं काहीच घेत नाही, हे नुसतं विकत घ्याल का, कितीला?" मग वेगळ्या दिवशी, वेगळ्या तोंडाने, "प्रबळ कितीला, सगळे कर धरून?" दोन्ही आकडे वहीत लिही. तुझा 50 वाला जुन्याला जास्त देतोय आणि नव्यात काढून घेतोय. 35 वाला कदाचित सरळ माणूस असेल, कदाचित नसेल. सुटे आकडे हातात आल्याशिवाय ते कळणार नाही.

---

डोंगरदरी

+१. सोनारापासून टीव्हीच्या दुकानापर्यंत एक्स्चेंजची हीच गंमत आहे.

---

मुळामुठा

भाव काढायची एक रीत सांगतो. जुनं घेणारा माणूस मनात एकच तुलना करतो: हेच नवं घेतलं तर मला एकूण किती पडेल? म्हणून आधी नव्या .32 ची कराशिवायची किंमत काढा आणि त्यावर कर चढवा. 22 सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झालाय. कराआधी 1 लाखाची वस्तू पूर्वी 1 लाख 28 हजाराला पडायची, ती आता 1 लाख 40 हजाराला पडते.

जुन्याचं गणित निराळं आहे. परवानाधारक स्वतःचं हत्यार विकतो तेव्हा तो व्यापारी नसतो, त्यामुळे त्याने जीएसटी लावायचा प्रश्न येत नाही. डीलर ते घेऊन पुढे विकतो तेव्हा वापरलेल्या मालाच्या नियमाने (जीएसटी नियम 32(5)) त्याला खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरता येतो, पूर्ण किमतीवर नाही. म्हणजे नव्यावरचा कर वाढला तसं चांगल्या स्थितीतलं जुनं हत्यार गिऱ्हाइकाला जास्त परवडायला लागलं. कृष्णाकाठ, तुमच्या डीलरचे 35 हजार या वाढीआधीच्या हिशोबातले आहेत का, ते जरूर विचारा.

---

साधा_माणूस

मुळात घरात हत्यार हवंच कशाला? पोलीस आहेत की. माझ्या मते सगळ्यात रास्त व्यवहार म्हणजे ते विकून टाकायचं आणि नवं घ्यायचंच नाही.

---

कृष्णाकाठ

तुमचं मत मला समजतं, आमच्या घरातही हा विषय निघालेला आहे. पण मळ्यावर आईवडील दोघंच असतात आणि पोलीस ठाणं लांब आहे. घ्यायचं की नाही हा निर्णय झालाय, हा धागा भावापुरता ठेवूया.

---

सुभेदार_आर्मोरर

फौजेत माझी सगळी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. चाप एकदा ओढून कुणालाही भाव सांगता येत नाही. डीलरकडे जायच्या आधी घरी स्वतः तपासा. आधी रिव्हॉल्व्हर मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून (हे मधून मोडणारं आहे, विलायती वेब्लीच्या धर्तीचं), सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी भिंतीकडे, माणसाकडे नाही. मग पुढचं.

पहिलं, बिजागरी आणि वरची कडी. या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा जीव तिथं असतो. बंद करून एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात नळी धरा, आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलकेच हलवा. खुळखुळ जाणवली तर बिजागरीची पिन किंवा कडी झिजलीय. जोरात झटकून बंद करायची सवय असलेल्या माणसाचं हत्यार इथंच ढिलं होतं. सिनेमात बघून लोक तसं करतात आणि हजारोंचं नुकसान करून घेतात.

दुसरं, सिलिंडर. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्या. घोडा अडकायच्या आत सिलिंडर आपल्या जागी 'खट्' बसला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून केसभर मागे असेल तर वेळ चुकतेय. सहाही घरांना हे करून बघा, एखादंच घर चुकतं असंही असतं. मग घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली सोडा, चाप दाबलेलाच ठेवा आणि सिलिंडर बोटाने हलवा. अगदी बारीक हालचाल चालते. डुगडुगत असेल तर भाव पडणार.

तिसरं, नळी. रिव्हॉल्व्हर मोडलेल्या अवस्थेत मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि पुढून बघा. आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) कडा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके दिसले तर ते गंजाचे खड्डे आहेत, ते तेलाने जात नाहीत. नुसती काजळी असेल तर ती सळईने जाते. डीलर काजळी दाखवून खड्ड्याचा भाव लावतो, म्हणून साफ करूनच न्या.

आणि चामड्याच्या म्यानात ठेवत असाल तर आजच बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेली रसायनंही त्यात असतात. वर्षभर म्यानात राहिलेल्या हत्याराच्या एका बाजूचा निळा मुलामा म्यानाच्या आकारात उडालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय.

---

बारा_बोअर

सुभेदारसाहेब, सलाम. हा प्रतिसाद कापून ठेवतोय.

---

कोकणातला_पावसाळा

आमच्याकडे चामडं राहू दे, कपाटातसुद्धा गंज चढतो. डुकरांच्या त्रासापायी काडतुसाची बंदूक आहे आणि जून ते सप्टेंबर आठवड्याला तेलाचा हात फिरवावाच लागतो. ती विकायला गेलो तर डीलरने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "गाव किनाऱ्यावर की घाटात?" भाव त्यावरच सुरू झाला!

---

वकिलीणबाई

भावावर अनुभवी मंडळी लिहितायत, मी कायद्याचं लिहिते, कारण कागदात अडकलेल्या हत्याराला कुणीच भाव देत नाही.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी परवान्यावर असलेलं हत्यार दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येतं, त्यासाठी विक्रेत्याचा परवाना लागत नाही. पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं असतं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन. कळवल्यापासून किमान 45 दिवस गेल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही. म्हणजे थेट गिऱ्हाईक शोधलं तर डीलरचा नफा वाचतो, पण वेळ जातो आणि घेणाऱ्याच्या परवान्याची सगळी चौकशी तुमच्या गळ्यात पडते.

डीलरला देतानासुद्धा ज्या कार्यालयाने परवाना दिला (शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी) तिथली परवानगी आणि परवान्यावरची नोंद झाल्याशिवाय हत्यार हातातून सोडू नका. तोंडी "राहू द्या इथे, बघतो" याला काही अर्थ नाही. ठेवूनच घेत असतील तर हत्याराचा क्रमांक, तारीख आणि 'सुरक्षित ठेव' की 'विक्रीसाठी' हे स्पष्ट लिहिलेली सहीशिक्क्याची पावती घ्या.

---

ग्वाल्हेरचा_मराठी

महाराष्ट्रात गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी. आमच्या चंबळच्या बाजूला या, लग्नात आहेर कमी आणि बंदुका जास्त दिसतील. मागणी एवढी, की 2008 साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना काढली होती. 2019 मध्ये ग्वाल्हेरमध्ये परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला झाडं लावून त्यांच्यासोबतचा फोटो द्यायला सांगितलं होतं.

---

डोंगरदरी

झाडांची कल्पना साताऱ्याला पाठवून द्या, माणदेश हिरवागार होईल!

---

ह्यूस्टनकर

इकडचं थोडं लिहितो, तुलना म्हणून. टेक्सासात हा व्यवहार रोजचा आहे, त्यामुळे भाव उघड असतो. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'मागितलेली किंमत' आणि 'प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत' असं दोन्ही बघता येतं. नवशिका मागितलेली किंमत बघून दुकानात भांडतो, जाणकार विकलेली बघतो. दुकानदार मला साधारणपणे तो ज्या भावाला विकणार त्याच्या निम्मं ते साठ टक्के देऊ करतात. राग येतो, पण त्यात त्याचं भांडवल अडकणार, विकलं जाईपर्यंतची जोखीम आणि कागदपत्रं हे सगळं आलं. टेक्सासात एक्स्चेंज केलं तर विक्रीकर फक्त फरकावर बसतो, म्हणून इथं एक्स्चेंज कधीकधी खरंच फायद्याचं ठरतं. राज्यागणिक कायदा बदलतो. इथं त्याच राज्यातल्या माणसाला खासगीत विकता येतं, कॅलिफोर्नियात खासगी व्यवहारही परवानाधारक दुकानातूनच करावा लागतो.

भाव हत्याराच्या स्थितीपेक्षा काडतुसाच्या मागणीवर कसा हलतो, याचं एक उदाहरण देतो. इथल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं .40 मापाच्या काडतुसाची ग्लॉक 22 पिस्तुलं होती. एफबीआय पुन्हा 9 मिमीकडे वळली, 2016 मध्ये ग्लॉकला 9 मिमीचं कंत्राट दिलं, आणि मागोमाग कितीतरी खात्यांनी .40 ची पिस्तुलं दुकानदारांना देऊन 9 मिमी घेतली. बाजारात धडधाकट .40 चा पूर आला. पिस्तूल तेच, आतून कोरं करकरीत, भाव मात्र आपटला.

(नवीन आलेल्या मुलांसाठी: एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर सर्वसाधारणपणे इथं हत्यार घेता येत नाही, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राच्या नावावर घ्यायचा विचारसुद्धा करू नका, तो केंद्रीय गुन्हा आहे.)

---

बारा_बोअर

तुमच्याकडचा पूर वाचून आमचा 2020 आठवला. 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि जादाचं सोडायला एक वर्ष दिलं. पिढीजात बंदुका बाळगणारी घरं डीलरच्या दारात रांगेत उभी राहिली. विकणारे सगळे एकदम आले, घेणारे मुळात मोजके, त्यात टाळेबंदी. आमच्या पाहुण्यांनी चांगली दुनळी अक्षरशः मातीमोल भावात दिली, कारण तारीख डोक्यावर होती. कृष्णाकाठ, तुला कसलीही तारीख नाही, घाईने देऊ नको.

---

माहेरवाशीण

धाग्याच्या विषयाला थोडं सोडून आहे, पण मदत हवी आहे. माझे वडील गेले. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं वेब्ली अँड स्कॉटचं .32 रिव्हॉल्व्हर होतं. आम्ही ते पोलीस ठाण्यात जमा केलंय. एका डीलरने सांगितलं, "फार जुनं आहे ताई, भंगार समजा, दहा हजारात मोकळं करतो." आम्हा दोघी बहिणींना ते ठेवायचं नाही. देऊन टाकू का?

---

सुभेदार_आर्मोरर

नाही! ताई, थांबा जरा.

---

बारा_बोअर

ताई, अजिबात देऊ नका. 1980 च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. त्याआधी आलेली तेवढीच फिरतायत. म्हणून आपल्याकडे विलायती हत्याराचा भाव वयाने उतरत नाही. वॉल्थर, वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन असं काही चांगल्या स्थितीत असेल तर माणसं नव्या देशी रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट मोजतात. जे पिस्तूल ह्यूस्टनकरांच्या गावात किरकोळ भावात मिळेल, तेच इथं लाखांत जातं.

---

सुभेदार_आर्मोरर

ताई, आता सविस्तर. कुठेही पॉलिश, नवा मुलामा, निकेल वगैरे करू देऊ नका. जुन्या विलायती हत्यारावर मूळचा मुलामा, जरी झिजलेला असला तरी, नव्या चकचकाटापेक्षा जास्त किमतीचा. नव्याने घासलं की अक्षरं आणि छाप पुसट होतात, कडा गोल होतात आणि जाणकार लगेच ओळखतो. नळीवर आणि सिलिंडरवर बर्मिंगहॅमचे तपासणीचे बारीक छाप असतील, क्रमांक वेगवेगळ्या भागांवर एकच आहे का ते बघायचं. ठाण्यात बघायला परवानगी मिळाली तर फोटो काढून घ्या, नाहीतर परवान्यावरचं वर्णन नीट उतरवून घ्या. आणि ठाण्यातल्या कपाटात ते कसं ठेवलंय देव जाणे, तेल लावायची विनंती लेखी करा.

---

वकिलीणबाई

माहेरवाशीणताई, तुमच्या बाबतीत वेळ महत्त्वाची आहे. कलम 21 खाली जमा केलेलं हत्यार मृत परवानाधारकाच्या कायदेशीर वारसांना पात्र व्यक्तीला विकता येतं, विक्रीचे पैसे वारसांनाच मिळतात. पण ठरवून दिलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणून आजच अर्ज करा: जमा पावती, मृत्युदाखला, वारसांची कागदपत्रं, दोघी बहिणींची संमती आणि "आम्हाला विक्री करायची आहे, त्यासाठी अमुक डीलरकडे हलवण्याची परवानगी द्यावी" अशी स्पष्ट मागणी. पोच घ्यायला विसरू नका. त्या दहा हजारवाल्या माणसाला ही मुदत माहीत आहे आणि तो तिच्यावरच विसंबून आहे.

---

माहेरवाशीण

मनापासून धन्यवाद. बहिणीशी बोलले, उद्याच अर्ज देतो. दहा हजाराला देऊन टाकायच्या अगदी बेतात होतो आम्ही.

---

नेमबाज_कोल्हापूर

खेळाकडच्या बाजूचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांमुळे तालमीइतकीच गर्दी रेंजवर असते, आणि मुलं वाढतात तशी एअर पिस्तुलंही हातोहात बदलली जातात. वापरलेलं मॅचचं एअर पिस्तूल घेताना पालक नेहमी मूठ आणि चाप बघतात. पण भाव खरा ठरतो हवेच्या सिलिंडरवर. सिलिंडरची वापराची मुदत दहा वर्षं असते आणि तारीख त्याच्यावरच कोरलेली असते. मुदत संपलेलं सिलिंडर मोठ्या स्पर्धेत तपासणीत अडकतं. म्हणून विकताना दोन्ही सिलिंडरच्या तारखांचे फोटो आधी द्या आणि घेताना आधी मागा. मूठ हाताच्या मापाची असते, डावखुऱ्यासाठी घासलेली मूठ उजव्या हाताच्या मुलाला काही कामाची नाही, तेवढे पैसे वजा धरायचे.

---

मडगावचो

गोव्यात निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात, तुमच्याकडेही तेच. भाव काढायचा तर निवडणुकीच्या आधी काढू नका. त्या काळात डीलरचं कपाट जमा हत्यारांनी भरलेलं असतं आणि नवीन खरेदीला कुणी फिरकत नाही. निकालानंतर महिन्याभराने जावं, हा माझा अनुभव.

---

व्यवहारी_माणूस

सगळे डीलरला झोडपतायत, मी थोडं वेगळं लिहितो. माझ्या काकांनी थेट विकायचं ठरवलं होतं. घेणारा भेटला, 45 दिवस थांबले, मग कळलं की त्याच्या परवान्यावर खरेदीची मुदत उलटून गेलीय. त्याने मुदतवाढीचा अर्ज टाकला, तो अडकला. दुसरा भेटला तो दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याची पडताळणी वेगळी. दीड वर्षाने शेवटी डीलरलाच दिलं. डीलर जो कमी भाव देतो त्यात हे सगळं डोकेदुखीचं काम तो अंगावर घेतो. मी म्हणतो, थेट विक्रीपेक्षा फार तर पंधरा-वीस टक्के कमी मिळत असतील तर डोळे झाकून डीलरला द्या. निम्म्याने कमी असेल तर थांबा.

---

मुळामुठा

व्यवहारी_माणूस यांच्याशी सहमत, फक्त एक तिसरी वाट राहिली. डीलरला विकत देऊ नका, विक्रीसाठी ठेवायला द्या. हत्यार परवानगीने त्याच्याकडे जमा, किमान किंमत तुमची, विकलं गेलं की ठरलेलं कमिशन त्याचं. त्याचं भांडवल अडकत नाही म्हणून तो जास्त भावाला तयार होतो. कमिशन, ठेवण्याचं भाडं आणि किती महिन्यांनी परत घ्यायचं हे तिन्ही लिहून घ्या. माझ्या मेव्हण्याचं असंच गेलं, एक्स्चेंजच्या भावापेक्षा बरेच जास्त हातात आले.

---

कृष्णाकाठ

मंडळी, तुमच्या प्रतिसादांनी खूप मदत झाली. इथवर काय झालं ते सांगतो.

सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे वडिलांना शेजारी बसवून सगळं तपासलं. नळी कागद धरून पाहिली, आट्या स्वच्छ आहेत. सिलिंडर सहाही घरांना वेळेवर बसतो. बिजागरीत मात्र अगदी थोडी हालचाल जाणवली. वडील म्हणाले, पहिल्यापासून तेवढी आहे.

मग त्याच 35 वाल्या डीलरकडे पुन्हा गेलो. या वेळी आधीच सांगितलं की नवं आत्ता घेत नाही, हे नुसतं विकायचंय, आणि तपासणीत काय दिसलं ते स्वतःहून सांगितलं, बिजागरीसकट. त्यांनी त्यांच्या कारागिराला बोलावलं. त्याने दहा मिनिटं नीट बघितलं, फटीत पातळ पट्टी घालून मोजमाप केलं. भाव आला 55. जीएसटीचं विचारल्यावर म्हणाले, "वाढलाय खरा, म्हणून तर 55." विक्रीसाठी ठेवलं तर किमान 70 धरायला तयार आहेत, कमिशन दहा टक्के, सहा महिन्यांची मुदत, भाडं नाही. ठेवायला द्यायचं असं ठरवलंय. कलेक्टर ऑफिसात परवानगीचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

एक शंका उरली आहे. कपाटात जुनी काडतुसं आहेत. घरात एक मत असं आहे की प्रबळऐवजी 'अशनी' पिस्तूल घ्यावं, तेही .32 च आहे. मग ही काडतुसं त्याला चालतील ना?

---

सुभेदार_आर्मोरर

नाही चालणार, आणि घालून बघूही नका. रिव्हॉल्व्हरचं .32 म्हणजे लांब पुंगळीचं, बुडाला कड असलेलं स्मिथ अँड वेसन लाँग. अशनीला लागतं ते 7.65 मिमी, आखूड पुंगळीचं पिस्तुलाचं काडतूस. आकडा सारखा वाटतो, वस्तू वेगळी आहे. प्रबळ घेतलंत तर तुमचीच चालतील. तरी आधी बघा: पुंगळीवर हिरवट डाग किंवा गोळी सैल झालेली असेल तर ती वापरू नका. काडतुसांवर केएफ छाप असेल तर ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची.

बिजागरीची ती हालचाल नोंदीत लिहून घ्या, म्हणजे विक्रीसाठी ठेवलेल्या काळात वाढली तर तुमच्या माथी येणार नाही.

---

वकिलीणबाई

काडतुसांबद्दल एक भर. रिव्हॉल्व्हरची नोंद परवान्यावरून निघाली आणि त्या जातीचं दुसरं हत्यार नोंदवलेलं नसेल, तर ती काडतुसं घरात ठेवू नका. परवानगीच्या अर्जात त्यांची संख्या लिहा आणि हत्यारासोबतच जमा करून पावतीवर चढवून घ्या. नव्याची खरेदी लांबली तर हा मुद्दा हमखास राहून जातो, आणि पुढच्या नूतनीकरणात तोच विचारला जातो.

---

माहेरवाशीण

अर्ज दिला, पोच मिळाली. ठाणेदारांनी बघू दिलं आणि फोटोही काढू दिले. नळीवर बारीक मुकुटासारखा छाप आहे, क्रमांक दोन ठिकाणी सारखाच आहे. सुभेदारकाका, फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवू का?

---

सुभेदार_आर्मोरर

पाठवा ताई. क्रमांकाचे शेवटचे आकडे झाकून पाठवा, आणि इथं धाग्यावर टाकू नका. सिलिंडरचा पुढचा भाग आणि वरची कडी जवळून दिसेल असे दोन फोटो जास्तीचे लागतील.